बार्बारो : पाय जुळला, तरीही घोडा गेला

सारिपाट

घोड्यांच्या शर्यतींविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा महालक्ष्मीच्या डर्बीपाशी किंवा सेक्रेटॅरियट या गाजलेल्या अमेरिकन घोड्याच्या विक्रमांपाशी थांबते. हा धागा बार्बारो या अमेरिकन घोड्याविषयी आहे. तो आयुष्यात केवळ सात शर्यती धावला, त्यांपैकी सहा जिंकला आणि सातवीत त्याचा पाय मोडला. त्यानंतर रुग्णालयात काढलेल्या आठ महिन्यांनी अश्ववैद्यकाला जे शिकवले ते त्या सहा विजयांपेक्षा अधिक टिकले, असे माझे मत आहे आणि त्यावर इथल्या जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे अशी इच्छा आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी देतो. बार्बारोचा जन्म २९ एप्रिल २००३ रोजी केंटकीत झाला. बाप डायनाफॉर्मर, आई ला व्हिल रूज. मालक रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन हे पेनसिल्वेनियातील दांपत्य. प्रशिक्षक मायकेल मॅट्झ हे मुळात शर्यतींच्या जगातले नव्हेत. घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या क्रीडाप्रकारात त्यांनी १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्यपदक मिळवले होते. त्याआधी १९८९ मध्ये आयोवा राज्यातील सू सिटी येथे कोसळलेल्या विमानातून ते स्वतः वाचले आणि सोबत तीन मुलांनाही त्यांनी बाहेर काढले होते. माणूस घाईचा नव्हता, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले. केंटकी डर्बीपूर्वी त्यांनी बार्बारोला पाच आठवडे एकही शर्यत धावू दिली नाही, तेव्हा शर्यतीच्या पंडितांनी नाके मुरडली होती. ६ मे २००६ रोजी केंटकीतील चर्चिल डाउन्स मैदानावर झालेल्या या डर्बीत वीस घोड्यांत बार्बारो साडेसहा लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) जिंकला. डर्बीत इतक्या अंतराने जिंकणारा घोडा त्यापूर्वी १९४६ मध्ये दिसला होता.

दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, बॉल्टिमोरच्या पिमलिको मैदानावर प्रीकनेस शर्यत होती. १९७८ नंतर कोणालाही तिहेरी मुकुट, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा मान, मिळालेला नव्हता आणि या घोड्याकडून लोकांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. एक लाख अठरा हजारांवर प्रेक्षक जमले होते. बार्बारोने आरंभीच, ज्यातून घोडे सुटतात ते फाटक ढकलून वेळेआधी बाहेर धाव घेतली. त्याला परत आणले, तपासले आणि पुन्हा फाटकात उभे केले. शर्यत सुरू झाली आणि पहिल्या काही क्षणांतच त्याचा उजवा मागचा पाय विचित्र कोनात हवेत लोंबकळू लागला. जॉकी एडगर प्राडो याने जिवाच्या आकांताने लगाम खेचून त्याला थांबवले आणि खाली उडी टाकून तो घोड्याच्या अंगाला टेकून उभा राहिला. शर्यत पुढे बर्नार्डिनीने जिंकली, पण त्या दिवशी त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

पायाची अवस्था अशी होती : नळीचे हाड मोडलेले, सांध्यामागची लहान हाडे फुटलेली, खुराच्या वरच्या लांब हाडाचे वीसहून अधिक तुकडे आणि सांधाच निखळलेला. यांपैकी एकेका इजेलाही पुष्कळदा मैदानावरच पडदा लावून घोड्याला संपवतात. जॅक्सन दांपत्याने त्याच रात्री त्याला केनेट स्क्वेअर येथील न्यू बोल्टन सेंटरमध्ये, म्हणजे पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या मोठ्या जनावरांच्या रुग्णालयात हलवले. दुसऱ्या दिवशी डॉ. डीन रिचर्डसन यांनी पाच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवले आणि दोन सांधे कायमचे एकजीव करण्याची तजवीज केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी घोडा जगण्याची शक्यता छापा-काट्याइतकीच आहे, असे त्यांनी पत्रकारांना स्पष्ट सांगितले.

जुलैत संसर्ग झाला, पट्टी आणि स्क्रू बदलावे लागले आणि त्याच सुमारास डाव्या मागच्या पायाला, म्हणजे ज्याला काहीही झाले नव्हते त्या पायाला, लॅमिनायटिस हा खुराच्या आतल्या सुजेचा विकार झाला. त्या खुराच्या कवचाचा सुमारे ऐंशी टक्के भाग कापून काढावा लागला. तरी घोडा सावरला. शरद ऋतूत तो बाहेर गवतावर चरू लागला, नोव्हेंबरमध्ये उजव्या पायाचे प्लास्टर निघाले आणि डिसेंबरात त्याला घरी पाठवण्याची भाषा सुरू झाली. जानेवारीत डावे खूर पुन्हा बिघडले, त्यामुळे उजव्यावर भार आला, तिथे गळू झाले आणि अखेरीस पुढच्या दोन्ही खुरांनाही लॅमिनायटिसने गाठले. टेकायला एकही धड पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७ च्या सकाळी त्याला शांतपणे निरोप देण्यात आला.

मोडलेले हाड जुळले होते, हे इथे पुन्हा सांगितले पाहिजे. घोडा गेला तो न मोडलेल्या पायांमुळे. हाडांची शस्त्रक्रिया पुढे गेलेली होती आणि खुराविषयीचे ज्ञान मागे राहिले होते, ही तफावत बार्बारोने जगासमोर उघडी केली. यावर आपले काय मत आहे?


ब्रँडीवाईन

धागा वाचून फार बरे वाटले. त्या काळात आमचे बिऱ्हाड केनेट स्क्वेअरपासून गाडीने थोड्याच अंतरावर होते. हे गाव एरवी अळंब्यांच्या शेतीसाठी ओळखले जाते. त्या उन्हाळ्यात मात्र न्यू बोल्टनच्या कुंपणाला फुलांचे गुच्छ, मुलांनी रंगवलेली पत्रे आणि चादरींवर लिहिलेले संदेश लटकत असत. आत स्वागतकक्षात सफरचंदे आणि गाजरे यांच्या टोपल्यांचा खच पडलेला असे. कोणी देवाचे तीर्थ पाठवले होते, कोणी संतांची पदके. रुग्णालयातले कर्मचारी ती गाजरे इतर घोड्यांनाही वाटत असावेत, कारण एका घोड्याने तेवढी खाल्ली असती तर पोटशूळानेच गेला असता.

एक गोष्ट स्थानिक वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळे आणि ती मला आजही महत्त्वाची वाटते. ग्रेचेन जॅक्सन आपल्या शेतातले ताजे गवत घेऊन येत आणि मॅट्झ जवळजवळ रोज, कित्येकदा दिवसातून दोनदा, त्याला पाहायला येत. घोड्याचे रोजचे वागणे, म्हणजे त्याची भूक, कानांची ठेवण, दारात माणूस दिसल्यावर त्याचे पुढे येणे, यांवरून पुढचे उपचार ठरत होते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तो आपल्या ठाणाकडे जवळजवळ दुडक्या चालीने गेला आणि शेजारच्या घोड्या दिसताच खिंकाळला, ही बातमी त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी होती.


परळकर

मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. पुढची बरीच वर्षे घोड्यांतच गेली. सारिपाट यांनी मांडलेला मुद्दा अचूक आहे, पण तो शरीररचनेच्या अंगाने थोडा उलगडून सांगितला पाहिजे, नाहीतर ‘इतके मोठे रुग्णालय आणि एक पाय वाचवता येऊ नये?’ असा प्रश्न वाचकाला पडतो.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. त्या बोटाचे शेवटचे हाड खुराच्या आत असते आणि ते खुराच्या कवचाला असंख्य बारीक पापुद्र्यांनी जोडलेले असते. पाचशे किलोंच्या आसपासचे जनावर अक्षरशः या पापुद्र्यांवर टांगलेले असते. त्यांना सूज आली की त्यांची पकड सुटते, वरचे वजन हाडाला खाली ढकलते, ते आत फिरते किंवा खाली बसते आणि वाईट अवस्थेत तळव्यातून बाहेरही येते. याच विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. धान्याच्या कोठीत शिरून पोटभर खाल्लेल्या घोड्यालाही तो होतो, वार अडकलेल्या घोडीलाही होतो आणि एका पायावर सतत भार देऊन उभ्या असलेल्या घोड्यालाही होतो. बार्बारोला झाला तो तिसऱ्या प्रकारचा.

माणसाचा पाय मोडला की आपण त्याला खाटेवर टाकतो. घोड्याला आठवडेच्या आठवडे आडवे ठेवता येत नाही. फुप्फुसे, आतडी आणि खालच्या बाजूचे स्नायू सगळेच दगा देतात. त्याला झोळीत अडकवून काही भार कमी करता येतो, परंतु पुष्कळ घोडे झोळी सहन करत नाहीत. शिवाय गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायाला मांस जवळजवळ नसतेच. तिथे फक्त हाड, कंडरा आणि कातडी असते. जखम भरायला लागणारा रक्तपुरवठा बेताचा आणि त्यातच धातू बसवला की संसर्गाची भीती कायमची.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येण्याचा क्षण तर सर्वांत धोक्याचा. भूल उतरताच घोडा पळायच्या बेताने उठतो, ही त्याची उपजत बुद्धी आहे. १९७५ मध्ये रफियन ही अपराजित घोडी बेलमाँट पार्कच्या एका द्वंद्व शर्यतीत पाय मोडून बसली होती. तिची शस्त्रक्रिया झाली, पण शुद्धीवर येताना तिने पाय झाडून स्वतःला इतके जखमी करून घेतले की तिला संपवावे लागले. न्यू बोल्टनमध्ये यासाठी कोमट पाण्याचा हौद आहे. भुलीतल्या घोड्याला छताच्या रुळावरून उचलून एका रबरी तराफ्यात ठेवतात, त्याचे चारही पाय तराफ्याच्या चार बाह्यांतून खाली सोडतात आणि तराफा पाण्यात उतरवतात. जाग येताच तो पाय झाडतो, पण ते पाण्यातच झाडतो आणि टाके, पट्टी, स्क्रू सगळे शाबूत राहते. पुरता भानावर आला की त्याला वर काढून ठाणात उभे करतात. बार्बारोच्या बाबतीत ही पायरी सुखरूप पार पडली, म्हणून पुढचे आठ महिने तरी लाभले.


रोखठोक

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कडू वाटण्याची शक्यता आहे. ज्या खेळाने त्या घोड्याचा पाय मोडला, त्याच खेळाने नंतर त्याच्या शुश्रूषेचे कौतुक मिरवले. तीन वर्षांच्या जनावराला, ज्याची हाडे अद्याप पूर्ण पक्वही झालेली नाहीत, दोन आठवड्यांत दोन मोठ्या शर्यती पळवायच्या आणि मग शस्त्रक्रियेच्या बातम्या रोज छापायच्या, हे मला वरातीमागून घोडे आणण्यासारखे वाटते. दुसरे असे की, तो घोडा पैदाशीसाठी कोट्यवधींचा ऐवज होता. त्याला वाचवण्याची धडपड प्रेमापोटी होती की त्या ऐवजापोटी, असा प्रश्न विचारायला हरकत नसावी. आणि तिसरे म्हणजे, ऐंशी टक्के खूर कापल्यानंतरही त्याला ठेवणे ही दया होती का?

परळकरसाहेब, आपण घोड्यांत राहिलात म्हणून आपल्यालाच विचारतो : आपण त्याला जुलैतच निरोप दिला असता की नाही?


सारिपाट

रोखठोक, आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे, पण दुसऱ्याविषयी मला लिहावेसे वाटते.

थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. तसे जन्मलेले शिंगरू वंशावळीत नोंदले जात नाही, त्यामुळे त्याला शर्यतीत पळवताच येत नाही. म्हणजे नर घोड्याला प्रत्यक्ष मागच्या दोन पायांवर उभे राहावे लागते. ज्याचा एक मागचा पाय दोन सांध्यांत कायमचा जोडलेला आहे आणि दुसऱ्याचे खूर नव्याने वाढवायचे आहे, त्याच्याकडून हे होईल यावर पैसे लावणारा व्यापारी फार विरळा. पहिल्या आठवड्यात आशा असेलही, मी ती नाकारत नाही. परंतु जुलैनंतर खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने केव्हाच हात आखडता घेतला असता. जॅक्सन दांपत्याने जाहीरपणे एकच निकष सांगितला होता, तो म्हणजे घोड्याच्या वेदना, आणि जानेवारीत त्यांनी तो पाळलाही.

पैदाशीसाठी वाचवलेले घोडे पूर्वीही होऊन गेले, हेही नोंदवतो. १९७१ मध्ये हॉइस्ट द फ्लॅग या घोड्याचा मागचा पाय असाच मोडला होता आणि शल्यविशारदांच्या चमूने, ज्यात न्यू बोल्टनचे डॉ. जॅक जेनी होते, तो वाचवला. त्याचा मुलगा अलेज्ड याने पुढे पॅरिसची आर्क द त्रियोंफ शर्यत १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. १९७२ मध्ये इंग्लंडात मिल रीफचा पुढचा पाय मोडला, तोही बरा झाला आणि त्याच्या शर्ली हाइट्स व रेफरन्स पॉइंट या दोन मुलांनी एप्सम डर्बी जिंकली. म्हणजे बार्बारोवरचा प्रयत्न अंधारात मारलेला दगड नव्हता. त्यापूर्वीचे घोडे वाचले तेव्हा त्यांच्या चांगल्या पायांनी साथ दिली होती. ती कधी मिळते आणि कधी सुटते हे मात्र तोवर कोणालाच नीट कळलेले नव्हते.


परळकर

रोखठोक यांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. जुलैत मी बहुधा त्याला निरोप दिला असता. खुराचे कवच वरून खाली महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. पूर्ण खूर यायला वर्षाच्या आसपास काळ लागतो आणि तेवढा काळ दुसऱ्या, नुकत्याच जोडलेल्या पायावर विसंबून राहायचे, हा जुगार माझ्या कुवतीबाहेरचा होता. पण आपल्याकडचा तबेला आणि न्यू बोल्टन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ, नालबंद आणि परिचारिका हाताशी होत्या. डॉ. रिचर्डसन यांनीही जुलैत आशा थोडीच आहे असे पत्रकारांना सांगितले होते, तेव्हा त्यांनी काही लपवले असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट ते डिसेंबर हे पाच महिने घोडा खात होता, चालत होता, चरत होता. जे डॉक्टर त्याला रोज पाहत होते त्यांना थांबण्याचे कारण तेव्हा दिसले नसेल, तर मी इथे बसून त्यांना दोष देणार नाही.

दयेच्या बाबतीत एवढेच म्हणेन की, दुखण्याचे मोजमाप आता पूर्वीपेक्षा नीट होते. घोडा वेदना लपवतो, कारण कळपात लंगडणारे जनावर प्रथम मारले जाते. भार बदलण्याची वारंवारता, हृदयाची गती, कुटी किंवा चंदी अर्धवट टाकणे, भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, अशा खुणा वाचाव्या लागतात आणि हे वाचन करणारा मोतद्दार, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणारा माणूस, अनेकदा डॉक्टरच्या आधी सावध होतो. आमच्या उमेदवारीच्या काळात एका तबेल्यातला म्हातारा मोतद्दार रोज पहाटे घोड्याच्या खुरावर हाताचा तळवा ठेवून त्याची ऊब पाही आणि मागे नाडीचा ठोका चाचपडे. खूर गरम आणि ठोका जोराचा लागला की तो आम्हाला बोलवायला माणूस पाठवी. लॅमिनायटिस ओळखण्याची ती पद्धत आजही जुनी झालेली नाही.


टोटवाला

मी शर्यतीच्या मैदानावरचा माणूस, वैद्यकातले मला कळत नाही. परंतु दोन आठवड्यांच्या अंतराविषयी लिहावेसे वाटते. रोखठोक यांनी त्याला दोष दिला, पण बार्बारो हा त्या वर्षी सर्वांत जास्त विश्रांती घेऊन आलेल्या घोड्यांपैकी एक होता. मॅट्झवर त्यासाठीच टीका झाली होती. त्यामुळे हा अपघात थकव्यामुळे झाला असे ठामपणे म्हणायला आधार नाही. फाटक ढकलून बाहेर पडला तेव्हाच त्याला काही झाले असावे, असाही तर्क तेव्हा बराच झाला. पुन्हा आत उभे करण्यापूर्वी त्याला पाहिले होते आणि तो व्यवस्थित चालत होता. घोडा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जात असताना त्याचे सगळे वजन क्षणभर एकाच पायावर येते; त्या क्षणी पाऊल वाकडे पडायला फारसे कारण लागत नाही.

आमच्याकडे महालक्ष्मीवर किंवा पुण्यात असा पाय मोडलेला घोडा दिसला की कनातीचा पडदा येतो आणि पुढच्या शर्यतीचे भाव लागतात. आमच्यातले जे मनापासून घोड्यांवर प्रेम करतात तेही त्या पडद्याकडे पाहायचे टाळतात. बार्बारोच्या वेळी तो पडदा पडला नाही आणि अमेरिकन प्रेक्षकाला पडद्यामागचे सगळे आठ महिने पाहावे लागले, हा मला सर्वांत मोठा फरक वाटतो.


मृण्मयी_क

टोटवाला यांचा शेवटचा मुद्दा मनाला लागला. मला एक विचारायचे आहे. इतके लोक रोज त्या घोड्याची विचारपूस करत होते, तर तो गेल्यानंतर त्या सगळ्या मायेचे पुढे काय झाले? अशी लाट येते आणि पंधरा दिवसांत ओसरते, असाच आपला एरवीचा अनुभव आहे.


ब्रँडीवाईन

या बाबतीत तसे झाले नाही. बार्बारोच्या प्रकृतीची रोजची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर हजारो लोक जमले होते. त्यांनी स्वतःला बार्बारोचे चाहते असे साधेच नाव घेतले. घोडा गेल्यावर ही मंडळी पांगली नाहीत; ती कत्तलखान्याच्या वाटेवर असलेले घोडे विकत घेऊन सोडवू लागली. पेनसिल्वेनियात न्यू हॉलंड नावाचे गाव आहे, तिथे घोड्यांचा आठवडी लिलाव भरतो. शर्यतीतून निवृत्त झालेले, लंगडे झालेले कितीतरी घोडे तिथे मांसाच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडत. या चाहत्यांनी नोकऱ्या सांभाळून वर्गणी काढली, घोडे घेतले, त्यांना जागा मिळवून दिल्या. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. त्यामागे न्यायालयीन लढे आणि राज्यांचे कायदे होते, एकट्या बार्बारोचे श्रेय नव्हे. त्यानंतर घोडे कॅनडा आणि मेक्सिकोकडे जाऊ लागले, म्हणून या मंडळींचे काम संपले नाही.

न्यू बोल्टनमध्ये बार्बारोच्या हयातीतच एका अनाम दात्याने त्याच्या नावे निधी सुरू केला होता. जॅक्सन दांपत्याने नंतर तीस लाख डॉलर देऊन अश्वरोगांच्या संशोधनासाठी कायमचे अध्यासन उभारले आणि त्याला आपल्या घोड्याचे नाव न देता डॉ. डीन रिचर्डसन यांचे दिले. ज्याच्या हातून घोडा वाचला नाही त्या शल्यविशारदाच्या नावाने मालकाने अध्यासन काढावे, हे मला वैद्यकाच्या जगात फार क्वचित घडणारे वाटते.


परळकर

त्या पैशांतून आणि त्या चर्चेतून पुढे काय निघाले ते सांगतो, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

पूर्वी आम्हाला असे शिकवले जात असे की, एका पायावर भार पडला की तिथले पापुद्रे ताणाने फाटतात. पेनसिल्वेनियातच पुढे काम करणारे डॉ. अँड्र्यू व्हॅन एप्स यांच्या संशोधनाने रोख रक्तपुरवठ्याकडे वळवला. घोडा निरोगी असताना उभ्या उभ्याही सतत एका पायावरून दुसऱ्यावर भार हलवत असतो. एक खूर क्षणभर हलके होते, मग दुसरे. या हलण्यानेच पापुद्र्यांतून रक्त खेळते. एक पाय दुखत असला की घोडा ही अदलाबदल थांबवतो, चांगला पाय तासन्‌तास सारखा दाबलेला राहतो आणि त्यातल्या पेशी उपासमारीने मरू लागतात. नुसते वजन कमी करून भागत नाही. अधूनमधून तो पाय जमिनीवरून पूर्ण हलका झाला पाहिजे.

ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट उपचाराची दिशा बदलते. आता मोडलेला पाय लवकरात लवकर टेकण्याजोगा करणे हे शस्त्रक्रियेचे पहिले उद्दिष्ट मानले जाते, कारण चांगल्या पायाला उसंत द्यायची ती त्याच मोडलेल्या पायाने. वेदनाशमनाचाही अर्थ बदलला : दुखणे थांबवणे म्हणजे घोड्याला पुन्हा भार हलवायला लावणे. खुराला बर्फात ठेवण्याचा उपाय संसर्गातून होणाऱ्या लॅमिनायटिसमध्ये चांगलाच उपयोगी ठरला आहे. मात्र बार्बारोच्या प्रकाराला आजही खात्रीचा इलाज नाही. आज तोच घोडा तशाच इजेने आला तर मी शक्यता पूर्वीपेक्षा बरी सांगेन, पण छापा-काट्यापासून फार दूर नेणार नाही.


रोखठोक

परळकरसाहेबांनी जुलैविषयी मोकळेपणाने उत्तर दिले, याबद्दल आभारी आहे. पैदाशीच्या नियमाची बाब मला ठाऊक नव्हती आणि तिच्यामुळे माझा दुसरा आक्षेप बराचसा सैल पडतो. पहिला मात्र कायम आहे. मोडलेला पाय जोडण्याचे शास्त्र सुधारले हे ठीकच, पण पाय मुळात मोडू नयेत म्हणून या खेळाने काय केले? २००८च्या केंटकी डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली आणि शर्यत संपल्यावर थांबता थांबता तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले. तिला तिथल्या तिथे संपवावे लागले. म्हणजे बार्बारोच्या अपघातानंतर दोन वर्षांच्या आत पुन्हा तेच.


सारिपाट

तेच झाले हे खरे, आणि माझ्या मते सुधारणेला वेग आला तो या दोन घटना पाठोपाठ घडल्यामुळे. बार्बारो रुग्णालयात असतानाच, ऑक्टोबर २००६ मध्ये, केंटकीत शर्यतीच्या घोड्यांच्या सुरक्षेवर पहिली मोठी परिषद भरली होती. शर्यतीतील इजांची देशव्यापी नोंद तोवर कोणीच ठेवत नव्हते. कोणत्या मैदानावर, कोणत्या मातीवर, कोणत्या वयाचे घोडे अधिक मोडतात हे सांगायला आकडाच नव्हता. त्या परिषदेच्या विचारविनिमयातून अशा नोंदीची व्यवस्था उभी राहिली. २००९ मध्ये दर हजार धावांमागे (एक घोडा एका शर्यतीत उतरला की एक धाव) दोन घोडे प्राणास मुकत होते, २०२३ मध्ये हे प्रमाण १.३२ वर आले. ही घट पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. त्याच २०२३ मध्ये डर्बीच्या सुमारास चर्चिल डाउन्सवर बारा घोडे गेले आणि मैदानाला काही काळ आपल्या शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. पण आज असा आकडा मांडून भांडता येते, २००६ मध्ये तेही शक्य नव्हते. २०२० च्या अखेरीस झालेल्या केंद्रीय कायद्याने सुरक्षेचे नियम राज्याराज्यांच्या मर्जीतून काढून एका प्राधिकरणाकडे दिले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. शर्यतीपूर्वी पशुवैद्यकाची तपासणी, औषधांच्या नोंदी आणि चाबकाच्या वापरावर मर्यादा हे सगळे त्यात येते.

दोन आठवड्यांच्या अंतराचे घोडे मात्र अजून तिथेच अडले आहे. प्रीकनेस पुढे ढकलावी अशी मागणी दरवर्षी होते आणि परंपरेच्या नावाखाली ती मागे पडते. प्रशिक्षकांनी त्यावर आपल्या परीने उत्तर शोधले : २०२५ मध्ये डर्बी जिंकणाऱ्या सॉव्हरेन्टीला त्याच्या माणसांनी प्रीकनेसमध्ये उतरवलेच नाही, थेट बेलमाँटमध्ये धाववले आणि तो तीही जिंकला.


टोटवाला

आणि त्यावरून आमच्यासारख्यांनी तिहेरी मुकुटाची किंमत गेली म्हणून ओरड केली, हेही नोंदवून ठेवा. मी स्वतः त्या ओरड्यात होतो असे नाही, पण कट्ट्यावर बसलेल्या दहांपैकी सातजण होते. पिमलिकोच्या त्या दिवसाची चित्रफीत त्यांनी पाहिलेली आहे, तरीसुद्धा. पैसे लावणाऱ्या माणसाला जिंकणारा घोडा पुन्हा पंधरा दिवसांनी पाहायचा असतो आणि जोवर तिकिटे त्याच्या पैशांवर विकली जातात तोवर त्या मागणीला दाबून टाकणे मैदानांना जड जाणार. डॉक्टर, आपल्या त्या मोतद्दाराच्या तळव्याची गोष्ट मी परवा आमच्या कट्ट्यावर सांगितली. एकाने विचारले की असा माणूस हल्ली कोणत्या तबेल्यात मिळतो, कारण त्या तबेल्याच्या घोड्यावर पैसे लावायला तो तयार आहे.